हायड्रेंजियाला शेजार कुणाचा द्यावा?

पत्र: आम्ही मार्चमध्ये न्यू जर्सीत, एडिसनला घर घेतलं. पूर्वीच्या मालकांनी पूर्वेच्या भिंतीपासून तीनेक फुटांवर हायड्रेंजियाची तीन झुडपं लावलेली आहेत, एकमेकांपासून पाच-पाच फुटांवर. जूनमध्ये दोघांना सुंदर निळे गेंद आले, पायऱ्यांच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्याला मात्र गुलाबी. पुढे पायवाटेपर्यंत नुसतं मल्च, म्हणजे लाकडाच्या सालींचा चुरा, पसरलेलं आहे, ते फार ओकंबोकं दिसतं. मला तिथे लव्हेंडर आणि गुलाब लावायचे आहेत, सासूबाईंना झेंडू आणि तुळस हवी आहे, मुलीला होस्टा आवडतात. मधल्या जागेत मेथी, कोथिंबीर, अळू लावलं तर चालेल का? संध्याकाळी हरणं येतात, तीही धास्ती आहे. आणि मागच्या अंगणात मोठ्या मेपलखाली आणखी एक हायड्रेंजिया लावावा असं मनात आहे. काय करू?
– एक वाचक, एडिसन

ताई,

पूर्वेची भिंत हे वाचूनच बरं वाटलं. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली, यापेक्षा चांगली जागा हायड्रेंजियाला तुमच्या भागात मिळणार नाही. पूर्वीच्या मालकांनी अंतरही विचार करून ठेवलेलं दिसतं. मोठ्या पानांचा हा हायड्रेंजिया सहज चार-पाच फूट पसरतो, त्यामुळे झुडपांमधली मोकळी जागा दोन-तीन वर्षांत आपोआप भरेल. तुम्हाला खरी सजवायची आहे ती समोरची पट्टी आणि दोन्ही टोकं.

तुमच्या यादीतून लव्हेंडर आधी काढून टाका. निळ्याशेजारी जांभळं फोटोत फार गोड दिसतं, हे मान्य. पण लव्हेंडर भूमध्य समुद्राकाठच्या तापलेल्या, खडकाळ जमिनीतलं झाड. त्याला दिवसभर ऊन, भरड माती, थोडासा चुना आणि कमीत कमी पाणी हवं. हायड्रेंजिया जपानच्या दमट किनाऱ्यावरचा. त्याला सतत ओलसर, कुजलेल्या पानांची, आम्ल माती लागते. तुम्ही पाणी द्याल तेव्हा एकाची मुळं कुजतील, नाही द्याल तेव्हा दुसरा माना टाकेल. दोघंही चांगली झाडं आहेत, पण त्यांना एका वाफ्यात ठेवणं दोघांवरही अन्याय आहे. लव्हेंडर दक्षिणेला, ड्राइव्हवेच्या कडेला लावा. तिथे ते खूश राहील. गुलाबांचंही तसंच. त्यांना किमान सहा तास ऊन आणि पानांतून खेळती हवा लागते. हायड्रेंजियाच्या दाट पानांशेजारी, अर्ध्या सावलीत, जुलैच्या दमटपणात पानांवर काळे ठिपके पडायला वेळ लागत नाही.

बागेतल्या झाडांचा शेजार ठरवताना फुलांचा रंग अगदी शेवटी बघायचा, असं माझं ठाम मत आहे. आधी बघायची तहान. मग मातीचा आंबटपणा, मग ऊन. आणि हायड्रेंजियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी जूनमध्ये झाड फुललेलं बघून घर घेणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही मार्चमध्ये घर बघितलंत, म्हणजे तुम्ही ती पाहिलेली असणार. नोव्हेंबर ते एप्रिल हे झुडूप म्हणजे नुसत्या काटक्या असतात. वर्षातले पाच-सहा महिने तुमच्या दारासमोर काय दिसणार, हे हायड्रेंजिया ठरवत नाही, त्याचे शेजारी ठरवतात.

त्या काटक्या कापून टाकाव्यात असं कुणी सांगेल, तर ऐकू नका. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या याच वर्षीच्या फांद्यांच्या टोकांवर, उन्हाळ्याच्या शेवटापासून तयार होतात. ऑक्टोबरात आवराआवर म्हणून झुडूप गुडघ्याएवढं छाटलं की पुढच्या जूनमध्ये हिरवीगार पानं येतात आणि फूल एकही नाही. एंडलेस समरसारखे काही वाण नव्या फांदीवरही फुलतात, पण तुमचा वाण कोणता हे कळेपर्यंत कात्री लांबच ठेवा. सुकलेले गेंदही एप्रिलपर्यंत तसेच राहू द्या. खालच्या कळ्यांना त्यांचा थोडाफार आडोसा मिळतो. म्हणजे काटक्या राहणार, हे नक्की. मग त्यांच्याभोवती हिवाळ्यात हिरवं राहणारं काहीतरी हवं.

पट्टीच्या दोन्ही टोकांना मी इंकबेरीची झुडपं लावीन. ही न्यू जर्सीचीच. तिथल्या पाइन बॅरन्स जंगलाच्या आंबट, ओलसर जमिनीत ती आपसूक वाढते, त्यामुळे तुमच्या हायड्रेंजियाची माती तिला परकी नाही. पानं बारीक, गर्द, बारमाही. शॅमरॉक नावाचा ठेंगणा वाण मागा, कारण मूळ जात उंच होते आणि खालून उघडी पडते. नर्सरीवाले कदाचित बॉक्सवुड सुचवतील. दिसायला दोन्ही सारखीच, पण बॉक्सवुडला फार आंबट माती मानवत नाही आणि त्याच्यावर करप्यापासून पानं पोखरणाऱ्या अळीपर्यंत बरंच काही येतं. फुलणारं झाडच हवं असेल, तर एका टोकाला पिएरिस लावा. तेही जपानकडचं, आम्ल मातीतलं, अर्ध्या सावलीतलं. मार्च-एप्रिलमध्ये त्याला छोट्या पांढऱ्या घंटांचे घोस लटकतात, आणि हरणं सहसा त्याच्याकडे फिरकत नाहीत.

हरणांचा विषय निघालाच आहे, तर मुलीला वाईट वाटेल ते आधी सांगून टाकते. होस्टा नको. सावली, ओलावा, माती, सगळ्या हिशेबांनी होस्टा हा हायड्रेंजियाचा उत्तम सोबती आहे, आणि हरणं नसती तर मी तोच पहिला सांगितला असता. पण हरणांना त्याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही. रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार विभागानं बागेतल्या झाडांची हरणांच्या उपद्रवाप्रमाणे यादी केली आहे, तीत होस्टा सर्वांत वाईट वर्गात आहे. आणि मुख्य म्हणजे होस्टा खायला आलेलं हरीण शेजारचा हायड्रेंजियाही चाखून बघतं. हिवाळ्यात दुसरं काही मिळेनासं झालं की ते फांद्यांची टोकं खुडतं, म्हणजे नेमक्या पुढच्या वर्षीच्या कळ्या. म्हणून समोरच्या ओळीत त्यांना न आवडणारी झाडं लावायची, आणि थँक्सगिव्हिंगच्या आधी तिन्ही झुडपांभोवती चार काठ्या ठोकून जाळी गुंडाळायची. जाळी दिसायला बरी नाही, पण कळ्या वाचतात. मुलीला होस्टा हवाच असेल, तर एक मोठी कुंडी भरून मागच्या डेकवर ठेवा. तो कुंडीत मजेत वाढतो.

समोरच्या पट्टीत काय लावायचं याचा विचार करताना मला सगळ्यात आधी हेलेबोर आठवतो. पानं चामड्यासारखी जाड, जवळजवळ बारमाही. फुलं फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, कधीकधी बर्फातूनच वर आलेली. हरणं त्याला तोंड लावत नाहीत, कारण ते विषारी आहे. घरात रांगतं मूल असेल तर हे ध्यानात ठेवा. हेलेबोरांच्या मधून डॅफोडिलचे कंद पेरा. ट्यूलिपचे कंद खारी उकरून खातात आणि फुलं हरणं, डॅफोडिल मात्र दोघंही सोडून देतात. या जोडीचं वेळापत्रकही छान जमतं. एप्रिलमध्ये हायड्रेंजिया उघडा असतो तेव्हा डॅफोडिल फुललेले असतात. फुलं गेल्यावर त्यांची पानं पिवळी होत लोळतात, ती कापायची नसतात, कारण कंदाला पुढच्या वर्षाची शिदोरी त्यांच्यातूनच मिळते. नेमकी तेव्हा हायड्रेंजियाची मोठी पानं पसरतात आणि तो पसारा झाकून टाकतात. एकाचं संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं, म्हणून मला ही जोडी इतकी आवडते.

उन्हाळ्यासाठी हाकोने गवत बघा. जपानात हायड्रेंजिया बघायला लोक जूनमध्ये कामाकुराच्या मेइगेत्सु-इन मंदिरात गर्दी करतात, आणि हाकोनेच्या डोंगरात चढणाऱ्या छोट्या रेल्वेच्या दोन्ही बाजूंनी ही झुडपं फुललेली असतात. त्याच हाकोनेचं नाव असलेलं, त्याच डोंगरांतलं हे गवत. पोपटी-सोनेरी पात्यांचं, एका बाजूला झुकलेलं, वाऱ्याबरोबर हलणारं. निळ्या गेंदांखाली हा रंग असा काही उजळतो की वेगळ्या फुलांची गरजच वाटू नये. वाढतं मात्र सावकाश, आणि महागही असतं. तीन रोपं आणा, दोन वर्षं धीर धरा. त्याच्या जोडीला जपानी पेंटेड फर्न. पानांवर चांदीची झाक, मधली शीर जांभळी. हायड्रेंजियाची पानं रुंद आणि साधी, फर्नची कातरलेली, गवताची लांबट. फुलं नसतानाही अशी पानांची रचना डोळ्यांना थकवत नाही.

ॲस्टिल्बी बऱ्याच जणांना आवडते. जून-जुलैत तिला गुलाबी-पांढरे तुरे येतात, आणि ती हरणांच्या फारशा आवडीचीही नाही. पण ती हायड्रेंजियाइतकीच, किंबहुना जास्तच तहानलेली आहे. सुट्टीत तुम्ही भारतात गेलात आणि कुणी पाणी घातलं नाही, तर तिची पानं कडांनी करपून कुरकुरीत होतील. सोकर होजला, म्हणजे पाणी झिरपवणाऱ्या पाइपला, टायमर लावणार असाल तरच आणा. आठवड्याला इंचभर पाणी, पावसासकट, हे त्या पट्टीचं साधारण माप धरा. आणि जुलैत दुपारी हायड्रेंजियाची पानं मरगळली म्हणून लगेच पाइप घेऊन धावू नका. मोठी पानं उन्हात हवा सोडल्यासारखी लोळतात आणि संध्याकाळी सावरतात. संध्याकाळीही सावरली नाहीत, तर माती बोटभर खोल चाचपून पाणी द्या.

गेंद फिके पडायला लागतात त्या काळासाठी जपानी ॲनिमोन आहे. ऑगस्टच्या अखेरीस लांब देठांवर पांढरी फुलं. ऑनोरीन जोबेर हा फ्रेंच वाण १८५८ पासून बागांत आहे आणि आजही त्याच्या तोडीचा पांढरा रंग क्वचितच दिसतो. पहिली दोन वर्षं ते रुसल्यासारखं बसतं आणि मग पसरतच सुटतं, म्हणून एकच रोप, तेही पायवाटेच्या टोकाशी. इथलंच काही हवं असेल तर पांढरा वुड ॲस्टर लावा. तो सप्टेंबरात सावलीतही फुलतो आणि मधमाश्यांनी गजबजतो.

लावताना खोदण्याबद्दल जरा सांगते, कारण चांगले शेजारी आणूनही अनेकांचा हायड्रेंजिया इथेच दुखावतो. त्याची मुळं बारीक, जाळीसारखी आणि अगदी वरच्या थरात असतात. फांद्यांच्या घेराच्या आत फावडं घालायचंच नाही. आजचा घेर नव्हे, चार-पाच फुटांचा होणार आहे तो धरा, आणि त्याच्या बाहेरून सुरुवात करा. मोठ्या कुंडीतली तयार झाडं आणण्यापेक्षा छोटी रोपं आणा, म्हणजे खुरप्यानं वीतभर खड्डा पुरतो. खड्ड्यात जाड मूळ लागलं तर ते न कापता खड्डाच चार इंच सरकवा. मल्च दोन-तीन इंचच, आणि झाडाच्या बुंध्याला टेकलेलं नको. रस्तोरस्ती खोडाभोवती मल्चचे डोंगर रचलेले दिसतात, त्यांचं अनुकरण करू नका. खाली ओल कोंडून साल कुजते. जमीन झाकायला म्हणून कुणी आयव्ही, विंका किंवा पॅकिसँड्रा दिलं, तरी नको म्हणा. वर्षभरात ते त्याच वरच्या थरात जाळं विणतं आणि मग हायड्रेंजियाच्या मुळांना धक्का न लावता उपटता येत नाही.

आता गुलाबी हायड्रेंजिया. ते वेगळं झाड असेलच असं नाही. पायऱ्या आणि पाया काँक्रीटचे असतील, तर त्यातून पाझरणारा चुना कोपऱ्यातली माती कमी आंबट करतो. माती आंबट असली, म्हणजे तिचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकी माती आंबट) साडेपाचच्या आसपास असला, की झाडाला ॲल्युमिनियम शोषता येतं आणि फूल निळं होतं. पीएच साडेसहाच्या पुढे गेला की ॲल्युमिनियम मातीतच अडकून राहतं आणि फूल गुलाबी. लॉनवर दर वर्षी चुना टाकणारी मंडळी असतील, तर तोही वाहून येतो. जास्त फॉस्फरसचं खतही ॲल्युमिनियम अडवतं, तेव्हा फुलं वाढवणारं म्हणून विकतात ते खत या पट्टीत नको. निळं करायला लोक ॲल्युमिनियम सल्फेट टाकतात. ते टाकण्याआधी शेजारी बघा. अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, ब्लूबेरी यांना आंबट माती आवडते, पण हे सल्फेट जास्त झालं की त्यांची मुळं जळतात. त्यापेक्षा रटगर्सच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना पाठवा आणि अहवाल आल्यावर साधं गंधक थोडं थोडं वापरा. परिणाम सावकाश येतो, पण शेजाऱ्यांना झळ लागत नाही. खरं सांगायचं तर मी तो कोपरा गुलाबीच ठेवीन. दोन निळ्यांशेजारी एक गुलाबी चांगलाच दिसतो.

मेथी-कोथिंबीर इथे अजिबात नको, आणि हे मी आग्रहानं सांगते. हायड्रेंजियाची पानं, कळ्या, फुलं विषारी असतात. २००८ च्या जूनमध्ये जपानमध्ये जेवणाच्या ताटात शोभेला ठेवलेली त्याची पानं लोकांनी खाल्ली आणि त्यांना उलट्या, चक्कर असा त्रास झाला. कोथिंबीर खुडताना त्यात एखादं कोवळं पान येणं अवघड नाही. शिवाय जिथे आपण रंगासाठी मातीत काही टाकणार, तिथलं खायचं कशाला? गणपतीच्या आरासीत ऑगस्ट-सप्टेंबरचे कागदासारखे झालेले गेंद जरूर वापरा, ते पाणी नसतानाही टिकतात. नैवेद्याच्या ताटाभोवती मात्र ठेवू नका. कुत्रा-मांजर असेल तर गळालेली पानंही उचलत जा.

अळूचं मात्र मला वेगळं वाटतं. पाणी, अर्धी सावली, सुपीक माती, अळूच्या सगळ्या आवडी हायड्रेंजियाशी जुळतात, आणि त्याचं भलं मोठं पान गेंदांमागे फार देखणं दिसतं. वडीसाठीचा अळू वेगळ्या कुंडीत वाढवा आणि ती कुंडी उन्हाळ्यात त्या पट्टीच्या टोकाशी नेऊन ठेवा. मातीशी संबंध नको, शोभेचा उपयोग मात्र पुरेपूर. पहिल्या कडाक्याच्या थंडीआधी कुंडी गॅरेजमध्ये घ्या, पाणी बंद करा, कंद मेमध्ये पुन्हा फुटतात. नर्सरीत एलिफंट इअर म्हणून मिळणारे शोभेचे अळू मात्र वडीला घेऊ नका. घसा धरेल.

सासूबाईंना सांगा, झेंडू आणि तुळस नक्की होणार, फक्त पूर्वेला नाही. दोघांनाही भरपूर ऊन लागतं, आणि तुमच्या त्या भिंतीशी दुपारनंतर ते नसतं. झेंडू तिथे उंच, लुळा होईल आणि फुलं कमी देईल. दक्षिणेला लव्हेंडरच्या जवळ, पण वेगळ्या वाफ्यात, मेच्या मध्यानंतर लावला तर दसऱ्याच्या तोरणाला पुरेल. त्याला लव्हेंडरपेक्षा पाणी जास्त लागतं, म्हणून वाफा वेगळा. तुळशीची कुंडी दारात जिथे सर्वांत जास्त ऊन असेल तिथे ठेवा, आणि रात्रीचं तापमान पन्नास फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की आत, दक्षिणेच्या खिडकीत.

राहिला मेपल. तिथे चौथा हायड्रेंजिया लावू नका. मेपलची मुळं पृष्ठभागालगत दाट पसरतात आणि पावसाचं पाणी वरच्यावर पिऊन टाकतात. तुम्ही कितीही पाणी घातलंत तरी निम्मं मेपलच घेणार, आणि त्याची मुळं तोडून खड्डा केलात तर दोन वर्षांत ती परत येणार. तिथे कोरडी सावली सोसणारी झाडं शोभतील. इथला ख्रिसमस फर्न, पेनसिल्व्हेनिया सेज नावाचं बारीक गवत आणि एपिमेडियम. तिघंही हरणांच्या फारशा आवडीची नाहीत. मुळांमधल्या बेचक्यांत छोटी रोपं बसवा आणि पहिलं वर्षभर पाणी द्या, नंतर ती आपली आपण राहतात. आणखी एक हायड्रेंजिया हवाच असेल, तर इंकबेरीच्या पलीकडे, घराच्या ईशान्य कोपऱ्यात अ‍ॅनाबेल लावा. ती अमेरिकेतलीच जात, पांढऱ्या गेंदांची, नव्या फांदीवर फुलणारी, म्हणजे थंडीनं किंवा हरणांनी टोकं खाल्ली तरी फुलं येतातच. फक्त त्याआधी कुंपणापलीकडे काळ्या अक्रोडाचं झाड नाही ना, ते बघा. त्याच्या मुळांतून उतरणारं द्रव्य हायड्रेंजियाला सोसत नाही.

सप्टेंबर हा लावणीचा उत्तम महिना आहे. माती अजून उबदार असते आणि ऊन उतरलेलं. इंकबेरी, हेलेबोर, गवत, फर्न आत्ताच लावा, म्हणजे जमीन गोठायच्या आत मुळं धरतील. ॲनिमोनला पहिला हिवाळा जड जातो, त्याला वसंतात आणा. डॅफोडिलचे कंद ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सहा इंच खोल, टोक वर करून.